सुगंधी साबण घरच्या घरी

नरक चतुर्दशीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान आणि सुवासिक साबण यांचे नाते मराठी घरांत जुने आहे. तेल, उटणे आणि गोल आकाराचा मोती साबण एवढे आणले की दिवाळीची खरेदी पूर्ण झाली असे मानणाऱ्या पिढ्या होऊन गेल्या. आता त्या जागी घरी तयार केलेल्या रंगीत, पारदर्शक साबणाच्या वड्या दिसू लागल्या आहेत. ‘सोप बेस’ विकत आणायचा, वितळवायचा, त्यात सुगंध मिसळायचा आणि साच्यात ओतायचा, अशी ही पद्धत. पाऊण तासात काम होते आणि चार-पाच तासांत साबण हाती येतो.

सोप बेस म्हणजे काय, याविषयी मात्र बराच गैरसमज आढळतो. ‘यात कॉस्टिक सोडा नाही, म्हणून हा नैसर्गिक’ असे सर्रास सांगितले जाते. वस्तुस्थिती अशी की अल्कलीवाचून साबण होतच नाही. खोबरेल, पाम यांसारखी तेले किंवा त्यांतील स्निग्धाम्ले आणि कॉस्टिक सोडा यांची रासायनिक क्रिया होऊन साबण तयार होतो. या क्रियेला साबणीकरण म्हणतात. सोप बेसमध्ये ही क्रिया कारखान्यातच पूर्ण झालेली असते. त्यामुळे त्वचा भाजून काढणारा दाहक सोडा घरी हाताळावा लागत नाही आणि साबण चार-सहा आठवडे मुरवत ठेवण्याचीही गरज उरत नाही. या पद्धतीचा खरा लाभ तोच. ‘रसायनविरहित’ हे विशेषण मात्र तिला लावता येत नाही.

साध्या साबणात सूक्ष्म स्फटिक बनतात व त्यांवरून प्रकाश विखुरला जातो, म्हणून तो अपारदर्शक दिसतो. ग्लिसरीन, साखर, सॉर्बिटॉल, प्रॉपिलीन ग्लायकॉल यांसारखे घटक मिसळले की हे स्फटिक मोठे होऊ शकत नाहीत. साबण काचेसारखा आरपार दिसतो आणि तापवताच वितळतोही. लंडनच्या अँड्र्यू पिअर्स यांनी १८०७ मध्ये पारदर्शक साबण बाजारात आणला, तेव्हापासून या प्रकाराचे आकर्षण टिकून आहे. बाजारात पांढरा सोप बेसही मिळतो. त्यात बहुधा टिटॅनियम डायॉक्साइड घातलेले असते.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात, पुण्यात रविवार पेठेत तसेच ऑनलाइन दुकानांतून हे साहित्य मिळते. शंभर ग्रॅमच्या पाच वड्यांसाठी ५०० ग्रॅम सोप बेस, ५ ते १० ग्रॅम सुगंध, चिमूटभर रंग, सिलिकॉनचे साचे, फवारणीच्या बाटलीत थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक-दोन ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणारा काटा पुरेसा होतो. सुगंध थेंब मोजून घालण्याची सवय टाळावी. बाटलीच्या तोंडानुसार थेंब लहानमोठा होतो आणि चूक येथेच घडते. स्वयंपाकाची भांडी या कामासाठी वापरू नयेत. एक जुने स्टीलचे पातेले कायमचे बाजूला काढावे.

बेसचे साधारण दोन सेंटीमीटरचे तुकडे करून ते पातेल्यात घ्यावेत आणि ते पातेले गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवावे. थेट आचेवर ठेवल्यास बेस तळाला करपतो. तापमान ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ देऊ नये. उकळी फुटली की त्यातील पाणी उडून जाते, बेस दाट व गढूळ होतो आणि वडी रबरासारखी चिवट होते. मायक्रोवेव्हमध्ये वितळवायचा असेल तर वीस-तीस सेकंदांच्या टप्प्यांनी तापवावा. ढवळणे सावकाश असावे; जोराने घुसळल्यास फेस येतो. वितळलेला बेस अंगावर सांडला तर तो चिकटून राहतो आणि उकळत्या पाण्यापेक्षा खोलवर भाजू शकतो. मुलांना हौसेने सामील करून घेतले तरी ओतण्याचे काम मोठ्यांनीच करावे.

सगळी गंमत सुगंधाची आणि सर्वाधिक फसगतही त्याचीच. पाच-पन्नास रुपयांच्या कुपीत मिळणारे ‘मोगरा’ किंवा ‘चंदन’ हे कृत्रिम सुगंधी द्रव्यच असते. अस्सल चंदनतेल अत्यंत महाग आहे आणि मोगऱ्याचा अर्क काढणे खर्चाचे व कौशल्याचे काम आहे. कृत्रिम सुगंध वापरण्यात वावगे काही नाही. मात्र तो त्वचेसाठी चालणारा आहे याची खात्री हवी. अगरबत्तीचा, मेणबत्तीचा किंवा खोलीत फवारायचा सुगंध साबणात घालू नये. स्वस्त अत्तरे पुष्कळदा पॅराफिन तेलात पातळ केलेली असतात. ती बेसमध्ये नीट मिसळत नाहीत आणि वडीवर तेलकट थर येतो.

‘नैसर्गिक’ तेल म्हणजे निर्धोक, हाही समज सोडावा लागतो. दालचिनी व लवंग यांच्या तेलांनी अनेकांच्या त्वचेची आग होते. नैसर्गिक तेलांचे प्रमाण एक टक्का, म्हणजे ५०० ग्रॅमला ५ ग्रॅम, एवढेच ठेवणे इष्ट. दालचिनी-लवंग नवशिक्यांनी टाळलेलीच बरी. कृत्रिम सुगंधाला दोन टक्के ही वरची मर्यादा मानावी. उत्पादकाने याहून कमी प्रमाण सांगितले असेल तर तेच पाळावे. संत्रे, लिंबू यांचे गंध लवकर उडतात. वाळ्याचा गंध जड असल्याने वडी संपेपर्यंत टिकतो, शिवाय लिंबाला थोडा आधारही देतो. व्हॅनिलिन असलेल्या सुगंधाने पांढरी वडी काही दिवसांत तपकिरी होते. आच बंद करून बेस ६० अंशांच्या खाली आला की सुगंध घालावा.

उटणे, मुलतानी माती, कडुलिंबाची पूड असे जिन्नस पातळ बेसमध्ये टाकले की सरळ तळाशी बसतात. मिश्रण थोडे दाटू लागेपर्यंत ढवळत राहून मगच ओतावे. हळद घातल्यास पिवळा रंग मिळेल या भरवशावर राहू नये. हळदीच्या डागाला साबण लावताच तो लाल होतो, तीच क्रिया येथेही घडते आणि वडी तांबूस होते. ताजे दूध, फळांचा गर, मोगऱ्याची फुले यांचा मोह तर पूर्णपणे आवरावा. फुले काळवंडतात आणि ओलसर जिन्नसांवर बुरशी येते.

साच्यात ओतल्यावर वर आलेल्या बुडबुड्यांवर अल्कोहोलचा हलका फवारा मारला की ते फुटतात. दोन रंगांचे थर हवे असतील तर पहिल्या थरावरही हाच फवारा मारावा, नाहीतर थर सुटतात. अल्कोहोल ज्वालाग्राही असल्याने फवारणीच्या वेळी गॅस बंद असला पाहिजे. वडी फ्रीजरमध्ये घालून घाई करू नये.

कोकणपट्टी व मुंबईच्या हवेत एक अडचण हमखास येते. वडीवर पाण्याचे मोत्यांसारखे थेंब जमतात आणि साबण बिघडला असे वाटते. ग्लिसरीन हवेतील ओलावा ओढून घेते, त्याचा हा परिणाम. वापरायला ती योग्यच असते. पण भेट द्यायची असेल तर शोभत नाही. यावर उपाय एकच, वडी साच्यातून काढताच पातळ प्लास्टिकच्या वेष्टनात घट्ट गुंडाळणे. दिवाळीसाठीचे साबण भर पावसाळ्यात करून ठेवण्यापेक्षा ऑक्टोबरात केलेले चांगले. न्हाणीघरात पाणी निथळणारी साबणदाणी वापरली नाही, तर ही वडी कारखान्यातील साबणापेक्षा लवकर विरघळते.

घरात वापरणे आणि दिवाळीच्या प्रदर्शनात टेबल मांडून विकणे यांत कायद्याने मोठे अंतर आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मध्ये पूर्वी साबणाला वगळलेले होते. १९८२ च्या दुरुस्तीने ती सूट गेली. त्यामुळे अंगाचा साबण विक्रीसाठी तयार करायचा तर सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार परवाना घ्यावा लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देते. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, घटक, परवाना क्रमांक, उत्पादनाचा महिना व वर्ष हा तपशील अपेक्षित असतो. ‘बेस तर तयारच आणला, आम्ही फक्त ओतला’ ही सबब चालत नाही. त्यातही ‘इसब बरा करतो’ असा मजकूर छापला की ती वस्तू सौंदर्यप्रसाधन न राहता औषधाच्या कक्षेत जाते. बचतगटातील आणि घरगुती व्यवसाय करणाऱ्या अनेक महिलांना हे ठाऊक नसते. साचे आणि सुगंध यांवर पैसे गुंतवल्यानंतर ते कळते. विक्रीचा विचार असेल तर साहित्याची यादी करण्यापूर्वी प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करावी.

नवा सुगंध घरच्यांना देण्याआधी त्या वडीचा फेस कोपराच्या आतील बाजूस लावून धुऊन टाकावा व एक दिवस वाट पाहावी. खाज सुटली वा लाली आली तर ती वडी वापरू नये. तान्ह्या बाळासाठी आणि ज्यांना इसबाचा त्रास आहे अशांसाठी सुगंध व रंग दोन्ही न घालता साध्या बेसची वडी ओतावी. तीही वैद्यकीय सल्ल्यानेच वापरावी.