पोकळीचा फुगा

फुगा वर का जातो? बाहेरच्या हवेपेक्षा हलका असतो म्हणून. हवेलाही वजन असतं, एका घनमीटरला साधारण सव्वा किलो. मग फुग्यात काहीच ठेवलं नाही, हवासुद्धा काढून घेतली, तर त्याहून हलकं काय असणार?

इटलीतल्या फ्रान्चेस्को लाना या पाद्र्याने १६७० साली हेच पुस्तकात मांडलं. त्याच वर्षी इकडे तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला. लानाची कल्पना अशी, की एक नाव करायची आणि तिला तांब्याच्या पातळ पत्र्याचे चार पोकळ गोळे बांधायचे. गोळा साडेसात मीटर रुंदीचा धरू. पत्रा कागदाएवढा पातळ असेल तर त्याचं वजन १८० किलो, आणि त्यातून काढलेली हवा २८५ किलो. म्हणजे गोळा उडायलाच हवा!

अडचण बाहेरच्या हवेची. ती प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १०० क्विंटल भार टाकते. हिंगणघाटच्या बाजारात १०० क्विंटल कापूस पाहिलेल्या बाईला हा आकडा समजावून सांगायला नको. एरवी आतली हवा तेवढ्याच जोराने बाहेर रेटते, म्हणून आपला हंडा चेपत नाही. जर्मनीत ऑटो फॉन गेरिके याने लानाच्याही आधी पंपाने तांब्याच्या गोळ्यातली हवा काढली, तेव्हा तो गोळा मोठा आवाज करून चुरगळला होता. घरी करून पाहा. प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी हलवून ओतून टाका, लगेच झाकण घट्ट लावा. बाटली थंड होताना आपोआप आत दबते.

मग पत्रा जाड करू? लानाचा गोळा टिकायचा तर पत्रा निदान तीन मिलिमीटर हवा, तोही कुठे पोचा नसलेला. वजन जातं पाच हजार किलोच्या घरात. उचलायचे होते २८५! गोळा मोठा केला तर पत्राही त्याच पटीत जाड लागतो. हिऱ्याचा एकसंध गोळा केला तरी गणित जुळत नाही. दोन पातळ पत्र्यांमध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी घातली तर कागदावर जुळतं, पण असा फुगा अजून उडालेला नाही.

लानाला भीती वेगळीच होती. अशा जहाजातून लोक शहरांवर आग टाकतील, म्हणून देव ते घडूच देणार नाही, असं त्याला वाटे. आग टाकणारी विमानं पुढे आलीच.

१७८३ साली फ्रान्समध्ये माणूस उडाला तो गरम हवेच्या फुग्यातून, आणि त्याच वर्षी हायड्रोजनच्या फुग्यातूनही. आमच्या मते शहाणपण इथेच होतं. लानाच्या गोळ्यात हायड्रोजन भरला तर त्याचं वजन जेमतेम २० किलो, आणि तो आतून हवेला रेटून धरतो, त्यामुळे नुसतं कापडही पुरतं. त्या २० किलोंसाठी तांबं कोण वाहील?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुगे आजही हैदराबादहून उडतात, पातळ पॉलिथिनचे, हायड्रोजन भरलेले. त्यांची उपकरणं नंतर पॅराशूटने खाली येतात. शेतात अशी पेटी दिसली तर उघडू नका, ओढू नका, पोलीस ठाण्यात कळवा.