कार्ट्रिजमधलं ऊन : रॉम फाइलमध्ये न मावणारे तीन गेम्स



आज एका प्रश्नापासून सुरुवात करूया. समजा तुम्हाला २००३ सालच्या एका व्हिडिओ गेमवर लिहायचं आहे. त्या गेमची फाइल तुमच्याकडे आहे. मूळ कार्ट्रिजच्या चिपमधला प्रत्येक बिट तिच्यात जसाच्या तसा उतरलाय, एकही चूक नाही. मग तो गेम तुमच्याकडे आहे, असं म्हणता येईल का?

मी एकदा बिनधास्त 'हो' म्हणाले होते आणि तोंडावर पडले होते. पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये उपकरणांच्या इतिहासावर एक छोटा पेपर लिहायचा होता. मी 'बोकताई' नावाचा एक गेम निवडला. लॅपटॉपवर एम्युलेटर टाकला, दोन रात्री खेळले आणि लिहून मोकळी झाले की या गेममध्ये सूर्यप्रकाशाची कल्पना वरवरची आहे, जाहिरातीपुरती. एका सीनिअर ताईने तो मसुदा वाचला आणि एवढंच विचारलं, "तू हा खेळलीस कुठे?" मी म्हटलं, होस्टेलच्या खोलीत. ती म्हणाली, "रात्री?"

तो 'रात्री?' मला अजून आठवतो. त्यात काय चुकलं होतं ते समजायला आधी थोडं हार्डवेअर बघू. घाबरू नका, सोपं आहे.

खाच नव्हे, दार

निन्टेन्डोचा गेम बॉय आला १९८९ मध्ये. त्याच्या मागच्या खाचेत कार्ट्रिज बसवायचं. आपण कार्ट्रिजला कॅसेट किंवा सीडीसारखं समजतो : माहिती साठवायची वस्तू, बस्स. पण त्या खाचेत ३२ संपर्क होते आणि त्यांतल्या बहुतेकांवरून प्रोसेसरच्या पत्त्याच्या आणि डेटाच्या तारा थेट बाहेर आणलेल्या होत्या.

याचा अर्थ काय? पोस्टमन पत्त्यावर पत्र टाकतो. आत कोण राहतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. प्रोसेसरचंही तसंच. तो अमुक पत्त्यावर काय आहे असं विचारतो आणि तिथून जो आकडा येईल तो घेतो. त्या पत्त्यावर मेमरी चिप असेल, घड्याळ असेल, नाहीतर एखादा सेन्सर. उत्तर वेळेत आलं म्हणजे झालं. त्यामुळे कन्सोलला हात न लावता, नुसत्या कार्ट्रिजमधून नवं हार्डवेअर आणता येत होतं. १९९८ मध्ये आलेला गेम बॉय कॅमेरा हे याचंच ठळक उदाहरण. त्याचे फोटो होते १२८ गुणिले ११२ ठिपक्यांचे, फक्त चार छटांमध्ये, पण कन्सोल तोच जुना.

गेम बॉयशी जोडलेलं मोठं नाव म्हणजे गुनपेई योकोई. त्यांचं एक सूत्र प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा की नव्याकोऱ्या महागड्या तंत्रामागे धावू नका, जुनं झालेलं, स्वस्त झालेलं, ज्याचे गुणदोष सगळ्यांना ठाऊक आहेत असं तंत्र घ्या आणि ते भलत्याच कामाला लावून बघा. आपल्या भाषेत सांगायचं तर मुरलेल्या लोणच्याची नवी भाजी. योकोई १९९७ मध्ये गेले. पुढचे तिन्ही गेम त्यानंतरचे आहेत, पण हे सूत्र डोक्यात ठेवा.

पहिला : कलणारा कर्बी

'कर्बी टिल्ट अँड टम्बल' जपानमध्ये २००० साली आणि अमेरिकेत २००१ मध्ये गेम बॉय कलरवर आला. युरोपात आला नाही. गोल गुलाबी कर्बी म्हणजे एक गोटी. कन्सोल हातात जिकडे कलवाल तिकडे ती घरंगळते. वरच्या दिशेने हलका झटका दिला की उडी मारते. गुलाबी पारदर्शक कार्ट्रिजमध्ये ॲनालॉग डिव्हायसेस कंपनीचा एडीएक्सएल२०२ हा दोन अक्षांचा ॲक्सेलरोमीटर होता.

आता योकोईंचं सूत्र आठवा. सिलिकॉनवर कोरलेले असे सूक्ष्म ॲक्सेलरोमीटर १९९० च्या दशकात मोटारींच्या एअरबॅगसाठी मोठ्या प्रमाणावर बनू लागले. टक्कर झाली की नाही हे ओळखायला. टक्कर ओळखणारं तंत्र दहाएक वर्षांत मुलांच्या हातातली गोटी घरंगळवायला आलं.

याच गेमची एक गंमत बघा. गेम बॉय ॲडव्हान्स एसपी या नंतरच्या मॉडेलमध्ये जुनी कार्ट्रिजेस बसतात, पण खाच खालच्या बाजूला आहे. म्हणजे कार्ट्रिज उलटं बसतं, सेन्सरही उलटा होतो आणि उजवीकडे कलवलं की कर्बी डावीकडे पळतो! आणि गेम बॉयचे गेम टीव्हीवर दाखवणारं गेमक्यूबचं उपकरण वापरलंत, तर कर्बी हलवायला अख्खा गेमक्यूब उचलून कलवावा लागेल. सॉफ्टवेअर अक्षरशः तेच, पण खेळता येत नाही. 'कंपॅटिबल' या शब्दात केवढ्या गोष्टी गृहीत धरलेल्या असतात!

दुसरा : गरगरणारा वारिओ

'वारिओवेअर ट्विस्टेड' जपानमध्ये २००४ साली आणि अमेरिकेत २००५ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्सवर आला. यात ॲक्सेलरोमीटर नाही, पिझोइलेक्ट्रिक गायरो आहे. फरक नीट समजून घ्या, व्हायव्हात कामाला येईल. ॲक्सेलरोमीटर स्थिर असतानाही गुरुत्वाकर्षणामुळे 'खाली' कुठे आहे ते सांगू शकतो. गायरो फक्त फिरण्याचा वेग सांगतो. किती अंश फिरलो हे हवं असेल तर वेगाची बेरीज करत जावी लागते. त्या बेरजेत बारीक चुका साठत जातात आणि शून्य हळूहळू सरकतं. सेन्सरवर काम करणाऱ्यांना ही रोजची डोकेदुखी.

आता गेमची रचना पाहा. काही सेकंदांचे शेकडो छोटे खेळ, एकामागून एक. कन्सोल स्टिअरिंगसारखा फिरवायचा, खेळ संपला की नवी सुरुवात. माझं वाचन असं की दर काही सेकंदांनी नवा डाव मांडणारा हा साचा गायरोच्या दुखण्यावर आपोआपच औषध ठरतो, कारण चूक साठायला वेळच मिळत नाही. वारिओवेअरचा साचा गायरोच्या आधीपासूनचा आहे, त्यामुळे 'गायरोसाठी साचा शोधला' असं मी म्हणणार नाही. 'साच्याला शोभणारा सेन्सर मिळाला' एवढंच म्हणेन. अशा वाक्यांत किती पुढे जायचं आणि कुठे थांबायचं हे शिकणं, हेच तर संशोधनाचं प्रशिक्षण.

हा गेमही युरोपात आला नाही. का? इंटरनेटवर एक कहाणी फिरते की सेन्सरमध्ये पारा होता म्हणून तो अडला. पण पिझोइलेक्ट्रिक गायरो चालतो कंप पावणाऱ्या घटकावर. त्याला पाऱ्याची गरजच नसते. एखादी गोष्ट पन्नास ठिकाणी वाचली म्हणजे पन्नास पुरावे झाले असं नाही. बऱ्याचदा तो एकच पुरावा पन्नास वेळा असतो, किंवा एकही नसतो.

तिसरा : ऊन मागणारा बोकताई

आता माझ्या फजितीकडे. कोनामीचा 'बोकताई : द सन इज इन युअर हँड' २००३ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्सवर आला. निर्माता हिदेओ कोजिमा, 'मेटल गिअर'मुळे जगाला माहीत असलेले. नायक जँगो हा व्हॅम्पायरांशी लढणारा मुलगा. त्याची बंदूक सूर्यप्रकाशावर चालते. कार्ट्रिजच्या वरच्या टोकाला प्रकाशाचा सेन्सर आहे आणि तो खऱ्या उन्हाचा अंदाज घेतो. तुम्ही अंगणात असाल तर गेममध्ये ऊन, घरात बसलात तर अंधार.

गेम सुरू करताना तो तुम्हाला वेळ आणि ठिकाण विचारतो. आतल्या घड्याळावरून त्याला दिवस-रात्र कळते. तळघराच्या छताला भोक असेल आणि बाहेर खरोखर ऊन असेल, तर त्या भोकातून कवडसा पडतो आणि तिथे उभं राहून बंदूक भरून घेता येते. ऊन नसेल तर साठवलेली ऊर्जा जपून वापरायची, शत्रूच्या नजरेआड भिंतीला धरून सरकायचं. मोठ्या व्हॅम्पायरला हरवलं तरी काम संपत नाही. त्याची शवपेटी ओढत ओढत तळघराबाहेर आणायची आणि उन्हात जाळून शुद्ध करायची. तेव्हा खरंखुरं ऊन लागतंच.

म्हणजे दुपारी खेळलात तर हा धिटाईचा गेम. रात्री खेळलात तर लपाछपीचा, काटकसरीचा. फाइल एकच, गेम दोन. मी एम्युलेटरवर उन्हाची पट्टी माउसने पूर्ण ओढून ठेवली होती. रात्री अकरा वाजता, ट्यूबलाइटखाली, माझ्याकडे अखंड माध्यान्ह होती. गेमला मी जो प्रश्न विचारायला हवा होता त्याचं उत्तर मीच आधी हाताने भरून टाकलं होतं. मग सूर्यप्रकाश वरवरचा वाटणारच!

हौशी तंत्रज्ञांनी या सेन्सरचं वर्तन मोजून नोंदवलेलं आहे. तो आठ बिटांचा आकडा देतो आणि आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. पूर्ण अंधारात साधारण २३२ येतो. पावसाळी दिवसाच्या उजेडातही जवळपास तोच. १०० वॅटच्या बल्बजवळ नेलं तर थोडासाच उतरतो. गेममधली उन्हाची पट्टी पूर्ण भरायला तो ८०-९० पर्यंत खाली यावा लागतो. म्हणजे या सेन्सरच्या लेखी आपला जुलैतला ढगाळ दिवस आणि मध्यरात्र यांत फरक नाही. कोकणात आषाढात हा गेम घेऊन बसलात तर जँगोचे हालच. हे आकडे बघितल्यावर मी पेपर पुन्हा लिहिला.

पुढे २००४ मध्ये दुसरा भाग आला. २००५ चा तिसरा जपानबाहेर गेलाच नाही. त्यानंतरच्या 'ल्युनार नाइट्स'च्या स्वतःच्या कार्ट्रिजमध्ये उन्हाचा सेन्सर उरला नव्हता.

मग जतन काय करायचं?

आपल्यापैकी बहुतेकांना हे गेम एम्युलेटरवरच भेटले. लहानपणी जत्रेत मिळणारा विटांचा गेम हातात होता, गेम बॉय क्वचितच कुणाकडे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि एम्युलेटर बनवणाऱ्यांचे उपकारच आहेत. त्यांनीच हे सेन्सर उकलून दाखवले. पण फाइलमध्ये सेन्सर मावत नाही. हात, मनगट, खिडकी, अंगण तर नाहीच नाही. आणि मूळ कार्ट्रिजेस म्हातारी होताहेत. घड्याळाची छोटी बॅटरी संपते आणि गेमला दिवस-रात्र कळेनाशी होते.

कर्बीचं नशीब बरं. २०२३ मध्ये तो निन्टेन्डो स्विचवर आला, कारण स्विचमध्ये हालचाल ओळखणारे सेन्सर आहेतच. उन्हाचा सेन्सर मात्र आजच्या कुठल्याही गेम कन्सोलमध्ये नाही. म्हणजे एखादा गेम टिकतो तो चांगला होता म्हणूनच असं नाही. पुढच्या पिढीच्या यंत्रात त्याच्यासाठी जागा उरली का, यावरही ते ठरतं. 'दुर्लक्षित' या शब्दामागे पुष्कळदा एवढंच कारण असतं.

तुमच्यासाठी तीन गोष्टी

एक, तुमचं साधन आणि तुमचा विषय यांत गल्लत करू नका. रॉम फाइल हे साधन, गेम हा विषय. डेटासेट हे साधन, पाऊस हा विषय. तुमच्या विषयात 'फाइलमध्ये न मावलेलं ऊन' कोणतं, ते प्रस्ताव लिहायच्या आधी कागदावर उतरवा.

दोन, इतिहास मागून पुढे वाचू नका. कर्बीला 'स्मार्टफोनचा पूर्वज', 'वीची नांदी' म्हणायचा मोह होतो. २००६ च्या वी रिमोटमध्येही ॲनालॉग डिव्हायसेसचाच ॲक्सेलरोमीटर होता, हे खरं. पण एकाच कंपनीचा सुटा भाग असणं म्हणजे वंशावळ सिद्ध होणं नव्हे. २००० साली कर्बी बनवणाऱ्यांना २००६ माहीत नव्हतं. त्यांच्यापुढे होती एक गोटी आणि एक स्वस्त चिप.

तीन, पद्धतीच्या प्रकरणात परिस्थिती लिहा. कुठे, केव्हा, कोणत्या यंत्रावर, कोणती किंमत स्वतः हाताने भरली. आपण हे प्रकरण उरकून टाकतो, मीही टाकलं होतं. 'एम्युलेटर, प्रकाशपातळी कमाल, रात्री अकरा' एवढी एक ओळ मी मसुद्यात प्रामाणिकपणे लिहिली असती, तर माझी चूक ताईच्या आधी मलाच दिसली असती.

तुमच्या प्रस्तावात अशी एखादी पूर्ण ओढून ठेवलेली पट्टी आहे का? आज रात्री शोधा. सापडली तर उद्या सकाळी उन्हात जाऊन बसा आणि तो परिच्छेद पुन्हा लिहा.