पैसा फंडाची काच आणि आपल्या गाडीची काच

गणेशोत्सव जवळ आला की लोकमान्यांचे स्मरण होतेच. १८९३ पासून त्यांनी ज्या उत्सवाला सार्वजनिक रूप देण्यासाठी कंबर कसली, त्या उत्सवाने महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसालाही एका मांडवाखाली आणले. शिंदेशाहीपासून क्षिप्रेच्या काठी नांदणाऱ्या आपल्या घराण्यांना हे वेगळे सांगायला नको. लोकमान्यांच्या आणखी एका कामाची आठवण मात्र आपल्या स्मरणिकांतून सहसा निघत नाही. ते काम काचेचे. यंदा त्याविषयी लिहावे असे आम्हांस वाटले, कारण त्याचा धागा थेट आपल्या दारात उभ्या असलेल्या गाडीच्या पुढच्या काचेपर्यंत येतो.

अंताजी दामोदर काळे या गृहस्थांच्या मनात एक कल्पना आली. प्रत्येक माणसाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या पैशातून देशी उद्योग उभे राहावेत. हाच पैसा फंड. लोकमान्यांनी त्यामागे आपले वजन उभे केले. १९०५ च्या वंगभंगानंतर स्वदेशीची लाट उसळलेली होती. घरोघर लागणाऱ्या कंदिलाच्या चिमण्या, बाटल्या, बांगड्या मात्र परदेशातून येत. म्हणून फंडाने काचेचा कारखाना काढायचे ठरवले आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे तो सुरू झाला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांचे साहाय्य त्याला लाभले. त्याच वर्षी लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला जावे लागले, पण भट्टी पेटलेली राहिली. तेथे नुसता माल निघाला नाही, तर कारागीरही तयार झाले.

पुढे १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला. त्यांच्या ‘प्रभाकर’ कंदिलाने मराठी घरांतल्या किती पिढ्यांचा अभ्यास करून घेतला, याची गणतीच नाही. त्या कंदिलाबरोबर घराघरांत एक शिस्त आली. चिमणी गार झाल्याशिवाय तिला ओला हात लावायचा नाही. आजीला त्यामागचे शास्त्र सांगता आले नसते, पण गरम काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकते, हे तिला पक्के ठाऊक होते. काच उष्णता हळूहळू वाहून नेते. एक भाग एकदम आकसला आणि शेजारचा फुगलेलाच राहिला, की दोघांत ताण पडतो. काच दाब पुष्कळ सोसते, ताण मात्र तिला सोसवत नाही. हे एवढे सूत्र लक्षात ठेवले की गाडीच्या काचेची पुढची सगळी हकीकत समजते.

सुरुवातीच्या मोटारींना खिडकीचीच साधी काच असे. अपघातात तिचे सुऱ्यांसारखे तुकडे होत आणि गाडीच्या टकरीतून वाचलेला माणूस काचेने जखमी होई. १९०३ मध्ये एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या हातून एक चंबू खाली पडला. तो फुटला, पण तुकडे विखुरले नाहीत. आत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पातळ पापुद्र्याने ते धरून ठेवले होते. त्यावरून दोन काचांमध्ये असा पापुद्रा घालण्याची युक्ती निघाली आणि १९०९ मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. मोटारवाल्यांनी आधी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. ती काच पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरली गेली ती पहिल्या महायुद्धात, सैनिकांच्या विषारी वायूच्या मुखवट्यांत. १९२० च्या दशकाच्या अखेरीस फोर्डच्या गाड्यांत ती आली. जुना पापुद्रा उन्हाने पिवळा पडे, म्हणून १९३० च्या दशकात पीव्हीबी नावाचे स्वच्छ, चिवट प्लॅस्टिक त्याच्या जागी आले. आजही तेच वापरतात. यालाच लॅमिनेटेड काच म्हणतात.

आपल्याकडे मात्र दीर्घकाळ दुसऱ्याच प्रकारच्या काचेचा अंमल होता. काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने एकदम थंड केली की ती कडक होते. ही टफन्ड काच. फुटली तर तिचे खडीसाखरेसारखे बोथट दाणे होतात, त्यामुळे अंग कापत नाही. ॲम्बेसेडर आणि फियाटच्या जमान्यातल्या मंडळींना आठवत असेल. आग्रा रोडवर समोरच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडावा आणि डोळ्यांसमोरची सबंध काच क्षणात पांढरीफटक जाळी होऊन जावी! रस्ता दिसेना म्हणून चालकाने मूठ मारून भोक पाडायचे आणि कशीबशी गाडी कडेला घ्यायची. जखम टळली, पण दृष्टी गेली, असा तो प्रकार होता. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पुढची काच लॅमिनेटेडच हवी असा दंडक घातला. तेव्हापासून खडा लागला तरी काच जागच्या जागी राहते, फार तर टवका उडतो किंवा तडा जातो. योगायोग असा, की पैसा फंडाच्या तळेगावशेजारच्या चाकणलाच आज गाड्यांच्या पुढच्या काचा बनतात.

आता मुद्द्याकडे येऊ. तडकलेला आरसा आपण घरात ठेवत नाही. अशुभ म्हणून लगेच बाहेर काढतो. गाडीच्या काचेला हातभर तडा असला तरी मात्र डॅशबोर्डवर गणपती ठेवून आपण खुशाल इंदूर, सेंधवा, धुळे करत पुण्याला जाऊन येतो. कारण ती फुटूनही सांडत नाही. जो गुण आपला जीव वाचवण्यासाठी शोधला गेला, तोच गुण आपल्याला चालढकल करायला शिकवतो. आम्हां सरकारी नोकरांना प्रकरण ‘विचाराधीन’ ठेवण्याची सवय असते, पण तडा काही विचाराधीन राहत नाही. प्रत्येक खड्ड्याला, दुपारच्या उन्हाला, एसीच्या गार झोताला तो थोडा थोडा सरकतो. वैशाखात उन्हात तापलेल्या काचेवर बादलीभर गार पाणी ओतणे म्हणजे आजीची चिमणीची शिकवण विसरणे होय. त्यातून २०२८ च्या सिंहस्थासाठी आपल्याकडे रस्त्यांची कामे जोरात आहेत. खडीच्या डंपरमागून जाणे रोजचे झाले आहे. तेव्हा अंतर राखणे हा पहिला उपाय.

टवका उडालाच तर काय करावे? तो रुपयाच्या नाण्याहून लहान असेल, कडेपासून दूर असेल, चालकाच्या नजरेसमोर नसेल आणि फक्त बाहेरच्या थराला असेल, तर त्यात रेझिन भरून घेता येते. हे लवकर करावे. धूळ आणि पाणी आत गेले की भरलेली जागा नीट धरत नाही. तोवर त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवावी. काच बदलायची ती पुढील परिस्थितीत: तडा कडेपर्यंत पोचला असेल, लांबत चालला असेल, आतल्या बाजूने बोटाला लागत असेल किंवा स्टिअरिंगसमोर असेल. ब्रिटनमध्ये गाडीच्या वार्षिक तपासणीत चालकाच्या थेट समोरच्या पट्ट्यात १० मिलिमीटरहून मोठा दोष असला तर गाडी नापास होते. इतरत्र, वायपर फिरतो त्या भागात, ही मर्यादा ४० मिलिमीटर आहे. आपणही हे माप डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही. बिजासनच्या घाटात रात्री समोरून प्रखर दिवे आले की तड्याच्या रेषेरेषेतून उजेड फाकतो आणि वळणावरचा माणूस त्यात हरवतो. शिवाय आजच्या गाड्यांत ही काच चौकटीला चिकटवलेली असते. गाडी उलटली तर छताला तिचा आधार असतो, आणि पुष्कळ गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना तिच्यावरच टेकते. तडकलेल्या काचेकडून ही कामे पुरी होतील अशी खात्री कोण देईल?

खर्चाची धास्ती वाटते, हे खरे. सर्वंकष विमा असेल तर काचेच्या भागावर घसारा कापत नाहीत, मात्र दावा केल्यास नो-क्लेम बोनसवर परिणाम होऊ शकतो. म्हणून आधी विमा कंपनीला विचारावे आणि दोन्ही आकडे ताडून पाहावेत. नवी काच घेताना कोपऱ्यातला आयएसआय शिक्का पाहावा. बसवल्यावर गोंद वाळेपर्यंत कारागीर सांगेल तितका वेळ गाडी हलवू नये. काचेमागे कॅमेरा असलेल्या गाडीत तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, हेही विसरू नये.

एकेका पैशातून आपल्या माणसांनी काचेची भट्टी पेटवली, ती घराघरांत स्वच्छ उजेड पडावा म्हणून. आपल्या गाडीच्या काचेचेही काम तेवढेच आहे, समोरचे स्वच्छ दिसावे. यंदा गौरी-गणपतीला गावी निघण्यापूर्वी टायरची हवा पाहाल, तेव्हा काचेवरूनही आतून-बाहेरून एकदा बोट फिरवा. बोट अडखळले, तर आधी काच, मग प्रवास.