बोनसचे गुण

परवा नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून जोतिबाचा घाट उतरलो. वळण आलं की माझं एकच पालुपद, "ब्रेक दाब रे बाबा!" खाली आल्यावर तो हसून म्हणाला, "आजोबा, एका शर्यतीत गाडीला ब्रेकच नसतो." मोबाईलवर दाखवलीसुद्धा. स्पीडवे म्हणतात. चार स्वार, लंबगोल मैदान, चार फेऱ्या, ब्रेक नाही, गिअर एकच. वळणावर मागचं चाक आडवं घसरवत जायचं. धुरळा असा की आपल्या चैत्र यात्रेतला गुलाल आठवावा!

मग मी त्याच्या मागे लागून इतिहास वाचून काढला. (मास्तरकी सुटली तरी खोड सुटत नाही.) १९२३ साली ऑस्ट्रेलियात या शर्यतींनी मूळ धरलं, १९२८ मध्ये त्या इंग्लंडला पोचल्या आणि १० सप्टेंबर १९३६ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर पहिली जागतिक अंतिम स्पर्धा झाली. प्रेक्षक सुमारे ७४,०००.

मला चटका लावला तो तिच्या निकालाने. प्रत्येक स्वाराच्या पाच शर्यती. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. ऑस्ट्रेलियाच्या ब्लूई विल्किन्सनने पाचही जिंकल्या. पंधरापैकी पंधरा. तरीही तो तिसरा! कारण आधीच्या निवड फेऱ्यांतले बोनस गुण त्यात मिळवायचे होते. त्याचे दहा धरून पंचवीस झाले. त्याच्याच देशाचा लायनेल व्हॅन प्राग चौदा आणि बारा, सव्वीस. इंग्लंडचा एरिक लँग्टन तेरा आणि तेरा, तोही सव्वीस.

बरोबरी सोडवायला त्या दोघांची शर्यत लावली. लँग्टनने सुटण्याआधीच फीत तोडली, म्हणजे नियमाने बाद. पण असं फुकटचं विजेतेपद व्हॅन प्रागला नको होतं. पुन्हा सुटले, आणि अगदी शेवटच्या वळणावर व्हॅन प्रागने त्याला मागे टाकलं. केवढा दिलदारपणा! पण त्या संध्याकाळी एकदाही न हरलेला गडी ही शर्यत नुसता बघत होता.

इथे मला माझा एक विद्यार्थी आठवला. सहामाहीला तापाने फणफणला होता, दोन पेपर कसेबसे लिहिले. वार्षिकला वर्गात पहिला आला. दोन्हींची बेरीज मीच केली आणि नंबर दुसरा लावला. प्रगतिपुस्तक हातात घेऊन त्याने विचारलं, "गुरुजी, माझं चुकलं कुठं?" मी नियम सांगितला. त्याने मान हलवली आणि बाकावर जाऊन बसला. बेरीज बरोबर होती हो, मी तीनदा तपासली होती.

असो. विल्किन्सनने १९३८ साली जगज्जेतेपद मिळवलंच, तेही आदल्या दिवशी खांद्याजवळचं हाड मोडलेलं असताना. १९४० मध्ये सिडनीत रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. महायुद्धामुळे थांबलेली स्पर्धा १९४९ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा बोनस गुण काढून टाकले होते. त्या वर्षी इंग्लंडच्या टॉमी प्राइसने पाचही शर्यती जिंकल्या. पंधरापैकी पंधरा. पहिला नंबर त्याचा.