मिलोची भाकरी

काय खायचं ते आपण स्वतः ठरवतो, असा आपला समज असतो. माझा हा समज १९७२ च्या दुष्काळात, वयाच्या दहाव्या वर्षीच मोडला.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं. घरात खाणं शाळूच्या भाकरीचं. ज्वारीची पारख आईकडे. दाणा दाताखाली धरायची, पिठाचा चिकटपणा बघायची. १९६४ साली संकरित ज्वारीचं सी.एस.एच.-१ हे वाण आलं. उतारा भरपूर, पण भाकरीला चव नाही, ही बायकांची तक्रार. आमच्याकडे हायब्रीड विकायला आणि शाळू खायला, असा सरळ हिशेब होता. पुढं 'हायब्रीड' हा शब्द मराठीत कमअस्सल गोष्टीसाठी रूढ झाला, तो उगाच नव्हे.

मग पाऊस गेला. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आली, मिलो. तिकडे ती मुख्यतः जनावरांना घालतात, ही बातमी धान्याच्या आधी गावात पोचली. पहिली लाल भाकरी ताटात पडली तेव्हा आजी म्हणाली, "म्हशीचं खाणं मला वाढतीस व्हय गं?"

आई म्हणाली, "आत्याबाई, म्हशी तरी कुठं राह्यल्यात आता?"

आजीनं ताट सरकवलं. दोन दिवस ती नुसत्या चहावर राहिली. उतरंडीच्या एका गाडग्यात आईनं दोन शेर शाळू राखून ठेवला होता, हे मला ठाऊक होतं. तिनं तो काढला नाही. मीही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी आजीनं लाल भाकरी जवळ ओढली. वडील खडी फोडायच्या कामावरून सुकडी आणायचे, ती मात्र आम्हा पोरांना आवडायची.

दुष्काळ सरला, मिलो गेली. पण रेशनचा स्वस्त गहू घरात राहिला. सणासुदीची चपाती रोजची झाली, प्रतिष्ठेची झाली आणि भाकरी गरिबाची ठरली. आता वारं पुन्हा फिरलं आहे. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं. चांगला शाळू अनेकदा गव्हापेक्षा महाग मिळतो आणि माझी सून डॉक्टरांच्या सल्ल्यानं भाकरी थापायला शिकते आहे.

म्हणजे आमच्या ताटात काय पडायचं, ते कधी पावसानं ठरवलं, कधी रेशननं, कधी भावानं, आता डॉक्टरांनी. आमचं त्यात काय होतं?

एक होतं. त्या उन्हाळ्यात थोरल्या बहिणीला बघायला पाहुणे आले. आईनं ते गाडगं उतरवलं. पाहुण्यांच्या ताटात पांढरी भाकरी पडली. आम्ही मागच्या खोलीत लाल खाल्ली. आजीनंही. त्या दिवशी ती आईला एवढंच म्हणाली, "राखलंस ते बरं केलंस."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)