घुमारा

देहूरोडहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलने मळवलीस उतरले, की थोड्याच चालीवर भाज्याची लेणी लागतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील ही लेणी आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी शाळेच्या सहलीत पाहिली असतील. तेथील एका शिल्पात एक स्त्री वाद्यांच्या जोडीवर थाप देत आहे आणि दुसरी नाचत आहे. तो तबलाच होय, असे काही मंडळी छातीठोकपणे सांगतात. आम्ही इतके पुढे जाणार नाही. चामड्यावर शाई होती की नव्हती, हे दगड सांगत नाही. तथापि दोन तालवाद्ये शेजारी ठेवून वाजविण्याची कल्पना मावळच्या कातळात दोन हजार वर्षांहून अधिक काळ कोरलेली आहे, एवढे निश्चित.

खर्जाचा नाद म्हणजे सावकाश होणारे कंपन. सेकंदाला सुमारे २० कंपनांच्या खाली मनुष्याचा कान नाद म्हणून काही ओळखत नाही. आणि २० कंपनांच्या नादाची हवेतील लहर सुमारे १७ मीटर लांब असते. म्हणूनच खोल नाद हवा असेल तर वाद्य मोठे करावे लागते, नाहीतर जड करावे लागते. युरोपातील चर्चच्या ऑर्गनने पहिला मार्ग धरला. सेकंदाला सुमारे ३३ कंपनांच्या स्वरासाठी तेथे १६ फुटांची उघडी नळी उभारतात. नळीचे एक तोंड बंद केले, तर तोच स्वर निम्म्या उंचीत मिळतो. परंतु तेवढा ऑर्गन कोणत्या गरीब धर्मग्रामाला परवडणार?

आमच्याकडील कारागिरांनी दुसरा मार्ग शोधला. पखवाजाच्या डाव्या पुडीवर वादनापूर्वी भिजविलेली कणीक थापतात आणि वादन संपल्यावर ती काढून टाकतात. कणकेच्या भाराने चामडे मंद हलते व स्वर खाली उतरतो. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी जुन्या मुंबई–पुणे रस्त्याने आकुर्डीच्या मुक्कामी जाते, तेव्हा दिंडीतील टाळांच्या किणकिणाटाखालून जो नाद छातीत उमटतो, तो या कणकेचा. इ. स. १६८५ पासूनच्या या सोहळ्यात किती पोती पीठ पखवाजाला लागले असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही! तबल्याच्या डग्ग्यावर कणकेऐवजी शाईचा कायमचा ठिपका असतो, तोही मध्यावर नव्हे, एका बाजूस. त्यामुळे मनगट टेकवून स्वर खालीवर नेता येतो, तोच घुमारा. साध्या चामड्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, शाईच्या भाराने मात्र ते सुरेल होतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिले. कारागीर ते हाताने आधीच जाणत होते.

गोव्याच्या घुमटाची रीत आणखी निराळी. मातीच्या मडक्याच्या मोठ्या तोंडावर चामडे आणि लहान तोंड उघडे. त्यावर डावा तळहात झाकत-उघडत राहिले की आतली हवाच बोलू लागते. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बकऱ्याचे वापरावे, असे ठरले. हिंदूंच्या आरतीत आणि ख्रिस्ती घरांतील मांड्यात हेच घुमट वाजत आले.

मात्र चर्चच्या दारात अशी वाद्ये दीर्घकाळ थबकली. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली ढोल-झांजांसारखी वाद्ये, किंबहुना पियानोदेखील, उपासनेत वर्ज्य ठरविला. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑर्गनचा मान राखून त्या त्या लोकांच्या योग्य वाद्यांना आत घेतले. आमच्या ओळखीचे एक वृद्ध ढोलकीवाले सांगत, “फादर, आम्ही बापलेक सणाला पायरीवर वाजवायचो. आत यायचं म्हणजे वाद्य बाहेर ठेवून.”

आता आत येण्यासाठी रांगेत आहे तो ध्वनिक्षेपक. राइस आणि केलॉग यांनी १९२५ साली त्याचे आजचे रूप सिद्ध केले. त्याची अडचणही खर्जाचीच आहे. स्वर एका सप्तकाने खाली आणून आवाज तेवढाच ठेवायचा, तर कागदी शंकूला चौपट अंतर हलावे लागते. शिवाय शंकूच्या मागची लहर पुढचीला खाऊन टाकते, म्हणून पेटी लागते. एडगर व्हिलचर यांनी १९५४ साली बंद पेटीतील हवेलाच स्प्रिंगसारखे वापरून लहान पेटीतून खोल नाद काढला. शोध उत्तमच, परंतु मिरवणुकीत अशा पेट्यांची भिंत उभी राहते, तेव्हा निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची २००० सालच्या नियमांची मर्यादा कुणाच्या ध्यानात असते?

गतवर्षी आमच्या गायकवृंदाने सणासाठी तसलीच एक मोठी पेटी भाड्याने आणली. मिस्सेत खिडक्यांच्या काचा थरथरल्या, पुढच्या बाकावरील एका बालकाने कान झाकले आणि स्तोत्राचा शब्द न् शब्द बुडाला. दोष पेटीचा नव्हे. तिची मूठ कुणीतरी शेवटपर्यंत फिरविली होती, आणि परवानगी आम्हीच दिली होती. पुढच्या रविवारी आम्ही त्याच ढोलकीवाल्यांच्या चिरंजीवांना पखवाज घेऊन बोलाविले. ते आले आणि वेदीजवळ जागा घेण्यापूर्वी त्यांनी स्वयंपाकघरात मूठभर कणीक मागितली.