डायलिसिस चार तासच का? एका समीकरणाची गोष्ट

"डॉक्टर, आज तीन तासांतच सोडायला सांगा ना, घरी पाहुणे आलेत." डायलिसिसवर असलेले माझे एक रुग्ण अधूनमधून अशी गळ घालतात. एका तासाने असा काय फरक पडतो? याचे नेमके उत्तर मिळायला सुमारे चाळीस वर्षे लागली आणि ते गणिताच्या मदतीने मिळाले.

१९४३ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, नेदरलँड्समधील काम्पेन येथे डॉ. विलेम कोल्फ यांनी कृत्रिम मूत्रपिंडाचे यंत्र बनवले. सॉसेजसाठी वापरली जाणारी सेलोफेनची नळी त्यांनी फिरत्या पिंपाभोवती गुंडाळली होती. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री वाचली. १९६० मध्ये सिएटलच्या डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम ठेवता येणारी टेफ्लॉनची नळी वापरली आणि वर्षानुवर्षे डायलिसिस करणे शक्य झाले. पण किती वेळ केले म्हणजे पुरे, हे अंदाजानेच ठरे.

आता खारट पाण्याने भरलेली टाकी डोळ्यांसमोर आणा. एका नळाने गोडे पाणी आत येते, तितकेच मिसळलेले पाणी दुसऱ्या नळाने बाहेर जाते. सुरुवातीला बरेच मीठ बाहेर पडते. पाणी जसजसे अळणी होते, तसतसा हा वेग मंदावतो. "बदलाचा वेग शिल्लक मिठावर अवलंबून" हे वाक्य गणितात लिहिले की विकलक समीकरण तयार होते.

आपले शरीर ही अशीच टाकी आहे. मीठाच्या जागी युरिया. यंत्रातून साफ झालेले रक्त पुन्हा शरीरातल्या उरलेल्या पाण्यात मिसळते. डॉ. फ्रँक गॉच आणि जॉन सार्जंट यांनी अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासातील माहिती याच पद्धतीने तपासली आणि १९८५ मध्ये "केटी/व्ही" हा आकडा पुढे आणला. के म्हणजे सफाईचा वेग, टी म्हणजे वेळ, व्ही म्हणजे शरीरातील पाणी. आठवड्यातून तीनदा डायलिसिस होत असेल, तर प्रत्येक वेळी हा आकडा किमान १.२ असावा, असे आज मानले जाते.

ढोबळ हिशेब पाहा. शरीरात ४० लिटर पाणी आहे आणि तासाला १२ लिटर साफ होते. चार तासांत ४८ लिटर, म्हणजे केटी/व्ही १.२, मागे सुमारे ३० टक्के युरिया उरतो. तीन तासांत आकडा ०.९ वर थांबतो आणि ४१ टक्के उरतो. शिवाय साठलेले जादा पाणी काढायलाही वेळ कमी पडतो.

एखाद्या दिवसाने लगेच काही बिघडणार नाही. पण सवय लागली तर मळमळ, थकवा, धाप वाढत जाते. आठवड्यातून दोनदाच डायलिसिस होत असेल, तर प्रत्येक तास अधिकच मोलाचा. पुढच्या वेळी "माझा केटी/व्ही किती?" असे आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा. पाहुणे तासभर थांबतील!